नावाड्याच्या बहिणीचं गाव

गेथिन प्रोबर्ट ज्या घरात जन्मला ते घर आता उभं नाही, हे मला निघण्याआधीच ठाऊक होतं. "बाबा, तिथे आता कार पार्क आहे," मुलीने फोनवर सांगितलं होतं. "एक चॅपल आहे, तेपण बहुतेक बंद असतं. बघण्यासारखं काही नाही." मी म्हणालो, नसू दे. ज्या माणसाच्या कविता कराडच्या कॉलेजात अर्धं आयुष्य शिकवल्या, त्याच्या गावची हवा तरी खाऊन येतो.

हे कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. केतकी, माझी एकुलती एक मुलगी, वेल्समधल्या कार्डिफच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तिने ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला होता. आपल्या देशाला दोन नागरिकत्वं चालत नाहीत. ते घ्यायचं तर हे सोडायचं. मे महिन्यात तिचा शपथविधी होता. त्याआधी तिला समोर बसवून "नको करूस" म्हणावं, एवढ्यासाठी मी निघालो होतो. फोनवर ते मला जमलं नव्हतं. फोनवर मी "छान, छान" म्हणत होतो आणि सकाळी देवापुढे उभा राहून तिचा अर्ज फेटाळला जावा म्हणून हात जोडत होतो. ही गोष्ट मी सुनंदालाही, म्हणजे बायकोलाही, सांगितली नव्हती. ती घरी माझ्या म्हाताऱ्या आईपाशी राहिली आणि मी विमानात बसलो. तो अपराध वेगळाच.

आता या कवीविषयी. प्रोबर्ट आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. वेल्समधल्या कोळशाच्या एका गावातला हा मुलगा ऐन विशीत जहाजाने अमेरिकेला गेला. तिथून बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर गवताची मैदानं आणि डोंगर ओलांडत थेट पश्चिमेला, ऑरेगनच्या बाजूला पोचला. तिकडे तेव्हा वस्ती नुकती बसत होती. बाकीचे जमिनी धरायला पुढे गेले. हा एका नदीच्या काठी थांबला. दोरावर ओढायचा मोठा तराफा बांधला आणि येणाऱ्या गाड्या पैलतीरी पोचवू लागला. जन्मभर त्याने तेच केलं. दुसऱ्यांना पलीकडे नेऊन स्वतः परत यायचं. मधल्या वेळात कविता लिहायच्या. त्या तिथल्या एका छोट्या वर्तमानपत्रात छापून येत. त्याचा संग्रह एकच, तोही पातळ. गाव सोडल्यावर तो परत कधी वेल्सला आला नाही.

त्याची एक कविता आमच्या अभ्यासक्रमात होती. तांड्यातल्या लोकांनी गाड्या हलक्या करायला वाटेत काय काय टाकून दिलं, त्याविषयीची. मी केलेला अनुवाद असा:

*बैल थकले तेव्हा आधी आरसा उतरवला,*
*मग पाळणा, मग घड्याळ.*
*जे उतरवता आलं नाही ते घेऊन इथवर आलो.*
*त्याचं वजन कुणी विचारू नये.*

पण मला तो धरून ठेवतो तो दुसऱ्या एका कवितेमुळे. ज्या काठावर त्याने तराफ्याचा खांब रोवला, तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या तिथल्या मूळ लोकांची वस्ती होती. त्यांना हुसकावलं गेलं होतं. त्या काळात बहुतेकांनी त्याकडे पाहिलंच नाही. याने पाहिलं आणि लिहिलं:

*खांबासाठी खणलं तर राख निघाली.*
*राख अजून कोमट होती.*
*मी खड्डा आणखी खोल केला.*

ही तिसरी ओळ शिकवताना माझा आवाज दरवर्षी बसायचा. आपल्या हातून काय घडतंय हे कळत असूनही खणत राहणारा माणूस मला ओळखीचा वाटतो.

वॉटफर्ड

पहिले दोन दिवस लंडनजवळच्या या गावी, मधूकडे होतो. मधू माझा मावसभाऊ. इथल्या हॉस्पिटलांत नोकरी करून आता निवृत्त झालाय. दारात त्याची मुलगी मीरा उभी होती. इथेच जन्मलेली, शाळेत शिक्षिका. "काका, तू किती थकली!" म्हणून तिने मला मिठी मारली. मी बावरलो. मधू आतून ओरडला, "चालवून घे रे! तिचं मराठी असंच आहे. शिव्या मात्र शुद्ध देते."

"डॅडीनेच शिकवला," मीरा म्हणाली. "ड्रायव्हिंग करताना."

वॉटफर्डच्या दुकानांत कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, इडलीचं पीठ, सगळं मिळतं. संध्याकाळी मधूने मला कालव्याकाठी फिरायला नेलं. लांबट, रंगीत नावा काठाला बांधलेल्या होत्या. छपरांवर कुंड्या आणि लाकडाच्या मोळ्या. एका नावेत बाई शेगडीवर काहीतरी परतत होती, त्याचा कांद्याचा वास पाण्यावर पसरला होता. मी मधूला केतकीचं सांगितलं. त्यानेही ते फार पूर्वीच केलं होतं.

"त्या काळी कागदांसाठी क्रॉयडनला जायचो," तो म्हणाला. "भल्या पहाटे रांग. डब्यात थालीपीठ. पुढे एकदाचं सगळं झालं आणि आपला पासपोर्ट परत करून आलो."

"मग? काय वाटलं?"

"काय वाटायचंय? घरी आलो, पिठलं-भात खाल्ला आणि झोपलो."

"रडलास?"

"झोपलो म्हटलं ना."

थोडं पुढे गेल्यावर तो आपणहून म्हणाला, "हे बघ, तू तिला नको म्हणू शकतोस. बाप आहेस. पण तिने ऐकलं नाही तर तुला परतीच्या विमानात कसं बसायचंय, तेवढं आधी ठरवून ठेव." पाण्यात एक बदक आपल्या पिल्लांना घेऊन चाललं होतं. अशा वेळी माणूस बदकं बघतो.

कार्डिफ

केतकीचं घर म्हणजे एका लांब ओळीतलं अरुंद घर. मागे रुमालाएवढी बाग, तिथे तिने मेथी लावलेली. दाराशी पोचलो तेव्हा तिने वाकून नमस्कार केला आणि उठताना माझ्या हातातली बॅग घेतली. तिच्या कपाळाशी एक पांढरा केस दिसला. पोरीचा पांढरा केस पाहून बापाला काय होतं ते लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, चहा घेणार का? मी आपल्या सवयीने म्हणालो, नको, नको, कशाला त्रास. "राइट यू आर," म्हणून त्या आत गेल्या आणि आपला एकटीचा कप घेऊन उन्हात बसल्या. मी कुंपणाशी तसाच उभा. आपल्याकडे पहिलं "नको" ही प्रस्तावना असते. खरा चहा दुसऱ्या आग्रहानंतर येतो. इथे प्रस्तावनेलाच पुस्तक संपलं. केतकीला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. "बाबा, इथे नो म्हणजे नो असतं! हवं असेल तर येस म्हणायचं." आम्ही दोघंही हसलो. माझं हसणं दुसऱ्या दिवशी संपलं.

रात्रीच्या जेवणाला तिने आमटी-भात आणि बटाट्याची भाजी केली होती. भात वाढता वाढता, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "बाबा, गुरुवारी सेरेमनी आहे. मला दोन गेस्ट्स अलाऊड आहेत. तुम्ही येणार?"

हीच ती वेळ होती. जे सांगायला समुद्र ओलांडून आलो ते सांगायची. माझ्या तोंडून निघालं, "मी कशाला? नको. तू जा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग "बरं," म्हणाली आणि आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली.

सकाळी कळलं की तिने पाहुणे म्हणून हॉस्पिटलमधल्या शीबाचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव देऊन टाकलं होतं. शीबा केरळची, तिच्याच वॉर्डातली नर्स. मी नको म्हणालो ते रागाने, हे खरं आहे. पण त्या रागातही मला वाटत होतं की ती पुन्हा विचारेल. माझा हात धरेल, म्हणेल, बाबा, असं काय करता, चला ना. मग मी मनातलं सगळं बोलेन. तिने पुन्हा विचारलंच नाही. दोन दिवस मी घरात जड पावलांनी फिरत राहिलो, आणि ती माझ्यासमोर जपून, पाहुण्यासारखी वागत राहिली.

सुनंदाला फोन केला.

"म्हणजे तिने विचारलं होतं?" सुनंदा म्हणाली.

"विचारलं. पण एकदाच."

"मग काय अक्षता घेऊन यायला हवं होतं का तिने? अहो, माझ्या माहेरी तुम्ही तीनदा बोलावल्याशिवाय पाटावर बसायचा नाहीत, ते मी चालवून घेतलं. जावई होतात. मुलीच्या घरी बापाने जावयासारखं रुसायचं नसतं!"

"मी रुसलेलो नाही."

"नाही कसे? आवाज बघा. आईंनी सकाळपासून दूध घेतलं नाहीये, मी त्यांच्या मागे लागू की तुमच्या?" आणि तिने फोन ठेवला.

दरीतलं गाव

बुधवारी केतकीला ड्यूटी होती, म्हणून मी एकटाच गेलो. कार्डिफहून छोटी गाडी उत्तरेला दरीत शिरते. दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येत जातात आणि उतारांवर घरांच्या लांबलचक ओळी, एकमेकींना खेटून, जणू सगळ्यांनी हात धरलेत म्हणूनच घसरत नाहीत. कोळसा कधीच संपला. खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग आता हिरवे डोंगर झालेत आणि त्यांवर मेंढ्या चरतात. कुंपणांवर पांढरी फुलं मातली होती. खाली नदी. रुंदीला आमच्या कोयनेच्या पासंगालाही पुरणार नाही, पण वाजते मात्र खूप. ती ऐकताना वाटलं, या पोराने दुसऱ्या नदीकाठी जन्म काढला, त्याच्या कानात कुठलं पाणी वाजत असेल?

गावाचं नाव मला आजही उच्चारता येत नाही. स्टेशनावर ग्वेन घ्यायला आली होती. केतकीने तिला आधी फोन करून ठेवला होता. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, लाल रेनकोट घातलेली. चॅपलची किल्ली तिच्याकडे असते. तिने आधी मला घराची जागा दाखवली. खरंच कार पार्क होता. "इथे कुठेतरी," असं म्हणून तिने एका निळ्या गाडीकडे हात केला. मी त्या निळ्या गाडीसमोर थोडा वेळ उभा राहिलो. गाडीवाला आला, आम्हाला पाहून घाबरला आणि म्हणाला, पाचच मिनिटं लावली होती हो.

चॅपलच्या पायरीवर मी बूट काढले. ग्वेनने वळून पाहिलं.

"पाय दुखतायत का, प्रोफेसर?"

"नाही. आत देव आहे ना."

"असेल. पण हीटिंग नाहीये," ती म्हणाली. फरशी खरोखर बर्फासारखी होती. तिने मागच्या खोलीतून शोधून जाड लाल मोजे आणले. गावच्या रग्बी संघाचे, प्रत्येकावर एक ड्रॅगन. ते घालून मी माझ्या कवीच्या चॅपलमध्ये गेलो.

आत लाकडी बाकांच्या ओळी, वर तिन्ही बाजूंनी गॅलरी, मेणाचा आणि जुन्या पुस्तकांचा वास. भिंतीवर चकचकीत पितळी पाटी होती. मी भरभर पुढे झालो. पाटीवर नाव होतं: हॅना प्रोबर्ट. कवीची बहीण.

"आणि गेथिन?"

"तो तिकडे," ग्वेन म्हणाली. स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी एक छापील कागद चिकटवला होता, एका कोपऱ्यात निघालेला. "अमेरिकेतून अधूनमधून कुणी येतं, विचारतं, म्हणून लावला. इंडियातून तुम्ही पहिलेच."

मला वाईट वाटलेलं तिला दिसलं असावं. "रागावू नका हं. त्याने आमच्या दरीवर छान लिहिलंय म्हणतात. पण तो गेला. हॅना राहिली. तिने इथल्या पोरांना लिहाय-वाचायला शिकवलं, चौसुरात गायला शिकवलं. माझी पणजी तिचीच शिष्या. गाव त्याचीच आठवण ठेवतं जो सकाळी दार उघडतो."

मग ती म्हणाली, "चहा?"

"नको, थँक यू."

तिने ऐकलंच नाही. थर्मासमधून ओतलेला कप माझ्या हातात आला. सोबत डब्यातले वेल्श केक. नाव केक, पण असतात तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले, आपल्या दशम्यांच्या चुलत बहिणी वाटाव्यात असे. एक खाल्ला. "आणखी?" "नको, खरंच." दुसरा आला. मी थक्क होऊन तिच्याकडे पाहिलं. त्या देशात आल्यापासून माझ्या "नको"ला कुणीतरी पहिल्यांदाच बरोबर ओळखलं होतं.

"आमच्या घरात पहिलं नाही मोजतच नाहीत," ग्वेन म्हणाली. "पहिलं नाही म्हणजे रीत. दुसरं म्हणजे लाज. तिसरं आलं तर मात्र पोट भरलंय. कार्डिफवाल्यांना हे कळत नाही. आणि आमच्या त्या कवीलाही कळलं नाही."

"म्हणजे?"

"हॅनाला त्याने बोलावलं होतं ना तिकडे. गावातला एक खाणकामगार तिकडून परत आला, त्याच्याबरोबर निरोप होता. ये म्हणून. ती नाही म्हणाली."

हे मला माहीत होतं. मी ते मुलांना शिकवलं होतं. प्रोबर्टची सगळ्यात गाजलेली कविता त्यावरच आहे:

*तू नाही म्हणालीस. मी तराफा वळवला.*
*पैलतीरी अजून कुणी उभं आहे का*
*हे बघायला मान फिरवली नाही.*
*दोर ओला होता. हात रिकामे होते.*

मी ग्वेनला ती इंग्रजीत म्हणून दाखवली. वर्गात मी सांगायचो, दुसऱ्याचा नकार किती आदराने स्वीकारावा, ते या कवितेत पाहा. तक्रार नाही, आर्जव नाही. केवढा संयम!

ग्वेन ऐकत होती. मग तिने नाकातून एक आवाज काढला. "संयम! हॅना म्हातारपणी काय म्हणायची, माझ्या पणजीने ऐकलंय. म्हणायची, त्याने एकदा विचारलं, मी नाही म्हटलं, आणि त्या शहाण्याने ते खरं मानलं. ती पुढच्या निरोपाची वाट बघत होती हो. कपडे सुद्धा बांधून ठेवले होते म्हणतात. पुढचा निरोप आलाच नाही."

कप माझ्या हातात तसाच राहिला. बाहेर नदी वाजत होती.

"प्रोफेसर, बरं वाटतंय ना?"

"माझ्या मुलीने मला विचारलं होतं," मी म्हणालो. आणि पुढचं सगळं, ज्या बाईला तासाभरापूर्वी पाहिलंही नव्हतं तिला, सांगून टाकलं. देवापुढचं हात जोडणंसुद्धा.

ग्वेनने सांत्वन वगैरे केलं नाही. डबा बंद केला. "तुमची गाडी थोड्या वेळात आहे," ती म्हणाली. "ती चुकली तर पुढची उशिरा. थडगं बघून घ्या आणि पळा, कारियाद." कारियाद म्हणजे लाडक्या, तिकडे वयस्क बाया कुणालाही म्हणतात. मला ते कुणी फार वर्षांत म्हटलं नव्हतं.

हॅनाचं थडगं चॅपलच्या मागे चढावर आहे. तिथून सगळी दरी दिसते आणि दरीचं तोंड, जिथून माणसं बंदराकडे गेली. मी लाल मोज्यांवरच बूट चढवले होते. ते घट्ट होत होते. गवतात मेंढीची लोकर अडकली होती. प्रोबर्टच्या त्या कवितेचा माझा मराठी अनुवाद मी तिथे मोठ्याने म्हटला. ती भाषा त्या डोंगराने कधी ऐकली नसेल. पण शेवटची ओळ म्हणताना जे कळलं ते इतक्या वर्षांत वर्गात कळलं नव्हतं. त्या कवितेत संयम नाही. दोन माणसं आहेत. एकाला पुन्हा विचारण्याची भीती वाटली आणि दुसरीला आधी हो म्हणण्याची. मधला समुद्र त्यानंतरचा.

पुन्हा कार्डिफ

केतकी ओट्याशी भांडी विसळत होती. मी चप्पल न घालता, ड्रॅगनचे मोजे घालून तिच्यामागे उभा राहिलो.

"मला उद्या यायचंय," मी म्हणालो.

तिने नळ बंद केला. "बाबा, मी विचारलं होतं."

"हो. मी नको म्हणालो. मला वाटलं, तू पुन्हा विचारशील."

"मला वाटलं तुम्ही चिडलाय. पुन्हा विचारून आणखी एक नाही ऐकायची ताकद नव्हती माझ्यात." तिचे डोळे भरले होते. "आई आली असती तर मी दहा वेळा विचारलं असतं. तुमची भीती वाटते, बाबा. लहानपणापासून."

हे मला माहीत नव्हतं. किंवा होतं, आणि मी खणत राहिलो होतो. मग मीही सांगितलं. मी तुला थांबवायला आलो होतो. तुझा अर्ज नामंजूर व्हावा म्हणून रोज देवापुढे उभा राहायचो.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम रडता रडता हसायला लागली. "म्हणून इतके महिने अडकला होता होय! मी कौन्सिलला, होम ऑफिसला, सगळ्यांना शिव्या घातल्या!"

"नको करूस गं," मी म्हणालो. एकदा तरी म्हणायला हवं होतं.

"करणार आहे, बाबा. तुम्ही कितीही वेळा सांगितलंत तरी. रागाने नाही. माझं काम इथे आहे, माझे पेशंट्स इथे आहेत. दर वेळी परवानगी मागत राहायचं नाहीये मला." ती हे शांतपणे, माझ्या डोळ्यांत बघून बोलली. ते रीतीचं नाही नव्हतं, लाजेचंही नव्हतं. मी मान हलवली. तिने लगेच शीबाला फोन लावला. शीबाच्या नवऱ्याने आपली जागा आनंदाने सोडली. त्याला टाय बांधायचा होता म्हणून तो आठवडाभर कुरकुरत होता म्हणे.

शपथविधी कौन्सिलच्या इमारतीत झाला. राजाची तसबीर, दोन झेंडे, फुलांची परडी. कुणी आफ्रिकेतून आलेलं, कुणी पोलंडमधून, एक सबंध कुटुंब सारख्या रंगाच्या कपड्यांत. केतकीने सुनंदाची मोरपिशी साडी नेसली होती. सगळे एका सुरात शपथ म्हणत होते, पण त्या घोळक्यातून मला तिचाच आवाज निवडून ऐकू येत होता. पाढे म्हणताना लावायची तसा स्वच्छ, खालच्या पट्टीतला. आतून काहीतरी सोडवलं जात होतं, दुखत होतं. शीबाने न विचारता माझ्या हातात एक कागदी रुमाल दिला. राष्ट्रगीताला सगळ्यांबरोबर मी उभा राहिलो. ओठ मिटलेले होते. उभा राहिलो, एवढंच मला करता आलं, आणि ते मी मनापासून केलं.

निघायच्या दिवशी केतकी मला विमानतळाच्या बसपर्यंत पोचवायला आली. पिशवीत तिने वेल्श केक भरून दिले होते, आजीला चावता येतील असे मऊ. बस लागली होती. बॅग खाली ठेवून झाली. आता तिला माझ्या घरी, तिच्या घरी, यायचं तर कागद लागणार होते. बोलायला काही सुचेना.

"दिवाळीला येशील?" मी विचारलं.

"बघते, बाबा. ड्यूटीचा रोटा अजून आला नाहीये."

"ये."

"लीव्ह मिळायला हवी ना. आणि ते व्हिसाचं, कार्डाचं, सगळं व्हायचंय."

ड्रायव्हरने मला चढायची खूण केली. मी पायरीवर चढलो आणि वळलो. जन्मात कुणाला केला नव्हता असा आग्रह करायचा होता आणि लोक बघत होते.

"ये गं केतकी. मी वाट बघतो."

तिने हसत, ओल्या डोळ्यांनी, दोन्ही हात माझ्यासमोर आडवे धरले. पंगतीत आणखी नको म्हणून पानावर धरतात तसे. दार लागलं. काचेआडून मी पुन्हा म्हणालो, ये. हात आडवे आले म्हणून वाढणारा काही थांबत नाही.